शहाळ्यांची रीत आणि किडनीचा अंदाज

आमच्या वसईच्या वाडीवाल्यांत आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. शहाळी आणतात. ह्यांना लहान रक्तवाहिन्यांचा आजार झाला, शरीराची राखण करणारी ताकद स्वतःच्याच किडनीवर उलटली, तेव्हा आमच्या ओटीवर शहाळ्यांचा ढीग लागला. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पाजत राहा, किडनी धुऊन निघेल." मीही सोलून सोलून पाजली.

आठवडा व्हायच्या आत हे लटपटायला लागले. शहाळ्यांतलं पोटॅशियम रक्तात चढलं होतं, तातडीने डायलिसिस करावं लागलं. डॉक्टरबाई कडाडल्या, "किडनीच्या पेशंटला शहाळं? कोणी सांगितलं?" आता हे काय कोणी सांगायला लागतं? पिढ्यान्‌पिढ्या तेच पाजत आलोय.

डायलिसिसचं मशीन आता कायमचं का, एवढंच मला हवं होतं. बायोप्सीचा रिपोर्ट आला तशा बाई समजावत बसल्या. सुरुवातीला किडनी किती चालत होती, सुईने काढलेल्या तुकड्यात रक्त गाळणाऱ्या किती गाळण्या धड आहेत, किती ठिकाणी वण पडलेत, यावरून अंदाज बांधतात म्हणे.

"यांच्या बऱ्याच गाळण्या गेल्यात. धोका जास्त आहे."

"म्हणजे हो की नाही?"

"असा रिपोर्ट असलेले पुष्कळजण पुढे मशीनवर जातात. हे जातीलच असं नाही."

असली गुळमुळीत उत्तरं ऐकली की माझं डोकं फिरतं. मी तिथेच सांगून टाकलं, "माझी एक किडनी काढून यांना द्या." हे रिपोर्टची घडी घालायला लागले. बाई म्हणाल्या, "आधी आजार शांत होऊ दे."

औषधांनी ह्यांचं तोंड सुजलं, चिडचिड वाढली. घरात तापट मी एकटीच होते, त्यात ही भर. पाहुण्यांना मी शहाळ्यांसकट फाटकातूनच परत धाडलं. नणंद अजून रुसलेली आहे. रुसू दे.

पुढे रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम कळतं, ते उतरलं आणि तिथेच टिकलं. बाई म्हणाल्या, "वण जाणार नाहीत, तपासण्या जन्मभर. पण सध्या मशीन नको आणि कोणाची किडनीही नको."

परतताना वालीवजवळ ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली. हे म्हणाले, "सुटलो बाबा."

"सुटलातच. मशीन काय कमी ताप होता?"

"मशीनचं नाही गं. तू देते म्हणालीस ना, तेव्हापासून त्याचीच धास्ती घेतली होती. तुला काही झालं असतं, तर मी जगून काय करणार होतो?"

"गप्प बसा," मी ओरडले, आणि रडायलाच लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही भर रस्त्यात.