येते, बाबा

आमच्या घरी सिनेमा पास-नापास करतात ते माझे वडील, आप्पा. परवा टीव्हीवर एका परीकथेचा नवा, खऱ्या माणसांचा सिनेमा मराठीत लागला. राजकन्येचे उघडे खांदे पाहून आप्पा खाकरले. तिने लग्नाला नकार दिला तेव्हा त्यांनी रिमोट उचलला. घोड्यावर बसण्याआधी ती दारात वळून म्हणाली, "येते, बाबा."

"जाते" नाही म्हणाली. रिमोट खाली आला. "वळण आहे पोरीला," आप्पा म्हणाले.

एका शब्दात केवढं घर मावतं. जाणारीला तो अडवत नाही, तिच्यामागे दार उघडं ठेवतो.

परगावच्या माझ्या नोकरीला आप्पा महिनाभर नाही म्हणत होते. आज बॅग घेऊन मी उंबऱ्यात थांबले. "येते, आप्पा."

त्यांनी बॅग स्वतः रिक्षात ठेवली. "ये," म्हणाले.