वरचा मजला

आळेफाट्यावर ट्रकच्या सीटची कव्हरं शिवून खातूनबीनं नवऱ्यासोबत संसार उभा केला होता. नवरा गेला, मुलगी आयशा लग्न होऊन संगमनेरला गेली, मुलगा दानियाल शारजात नोकरीला लागला. मागं उरली ती एकटी, शिलाई मशीन, आणि उन्हाळ्यात भट्टीसारखं तापणारं पत्र्याच्या छपराचं घर.

"अम्मी, ते पाडून टाक," दानियाल फोनवर म्हणाला. "दुमजली बांध. सोलर बसव, पुढून काच लाव. आता पर्यावरणाचा विचार करून असंच बांधतात."

खातूनबी हरखली. वरचा मजला दानियालचा, सुनेचा, दोन नातवंडांचा. तिथले पडदे कुठल्या रंगाचे शिवायचे, तेही तिनं मनाशी ठरवून टाकलं.

नारायणगावची इंजिनिअर प्रतिभा भर दुपारी घर बघायला आली. भिंतींवरून हात फिरवत, पत्र्याखाली घाम पुसत ती फिरली.

"चाची, काचेनं घर आणखी तापेल. मग एसी लागेल आणि सोलरची वीज तोच खाईल. त्यापेक्षा ऊन बाहेरच अडवू. या दगडी भिंती भक्कम आहेत. त्या पाडून नवं सिमेंट-लोखंड कशाला आणायचं? पत्रा काढू, खाली फळ्या, वर कौलं. डिंगोऱ्यात एक घर पाडतायत, तिथली कौलं चांगली आहेत. पश्चिमेला पडवी काढू." मग तिनं विचारलं, "राहणार किती जण?"

"पाच," खातूनबी पटकन बोलून गेली.

"बारा महिने?"

खातूनबी चहा टाकायला आत गेली.

संध्याकाळी तिनं दानियालला फोनवर सरळच विचारलं.

"पोरांची शाळा इथंय ना अम्मी. सुट्टीत येऊ की."

"सुट्टीत म्हंजे कवा?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी तिनं प्रतिभाला फोन लावला. "वरचा मजला नगं बाई. एकटीपुरतंच कर."

'एकटी' हा शब्द तिच्या तोंडून परक्या माणसासमोर पहिल्यांदाच निघाला होता.

"चाची, सगळ्यात मोठी बचत त्यानंच होईल," प्रतिभा मनापासून म्हणाली. खातूनबी "व्हय" म्हणाली आणि फोन ठेवून मशीनवर कव्हर शिवायला बसली.

कौलं चढली, पडवी झाली. पुढच्या उन्हाळ्यात घर खरंच गार राहिलं. दुपारीसुद्धा पंख्याची गरज भासेना. पण पंखा बंद केला की घर इतकं गप्प व्हायचं, की खातूनबी उठून तो पुन्हा लावायची.