सातव्या रॅकवरचा पालक

माझी आत्या चांगुणा अडाणी नाही, हट्टी आहे, आणि हट्टी माणसाला शिकवणं म्हणजे नुसती डोकेफोड. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद शेडमध्ये आम्ही दिव्यांखाली लेट्यूससारखी पालेभाजी पिकवतो. ऊन नाही, माती नाही. रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये खताचं पाणी, वर जांभळट उजेड. मी कृषी पदवीधर, तिथली सुपरवायझर. आत्याला मदतनीस म्हणून मीच चिकटवलं. वेल्डिंगनं तिच्या नवऱ्याचे डोळे गेले, तेव्हापासून त्यांचं सिडकोतलं घर तिच्या एका पगारावर चालतं.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "हे दिवे इझतात तरी कवा?"

"रात्री बाराला. पहाटे चारला परत लागतात. वीस तास उजेड मिळाला की वाढ लवकर होते."

"मग पाला निजतो कवा?"

आमचं मूळ गाव देवळ्याकडचं. दिवेलागण झाली की पाल्याला हात लावायचा नाही, तो निजलेला असतो, हे आमच्या घरातल्या प्रत्येकानं ऐकलेलं. मी म्हटलं, "आत्या, इथं विज्ञान चालतं. तू ट्रे धू." शिवाय बजावलं, की दिव्यांच्या प्लगला हात लावायचा नाही. आधीच्या बाईनं मोबाइल चार्ज करायला एक प्लग काढला, तर आमच्या मालकांनी, शेखर सरांनी, तिला त्याच दिवशी घरी बसवलं होतं.

मग एका मोठ्या हॉटेलची पालकाची ऑर्डर यायची ठरली, म्हणून आम्ही पहिल्यांदाच पालक पेरला. सोमवारी दहाला सर पालक बघणार, पसंत पडला तर होकार कळवणार. नेमकी त्याआधी मी आठवडाभर तापानं आडवी. आत्यानं फोनवर सांगितलं होतं, "पालकाला डेंगळे येत्यात." मी खेकसले, "डेंगळे यायला तो काय कांदा आहे?"

सोमवारी आठला शेडमध्ये शिरले. सहा रॅकवर पालकाच्या मधोमध आत्या म्हणाली ते डेंगळे, फुलाचे वीतभर दांडे उभे, पानं टोकदार, वर कळ्या. असा पालक हॉटेलवाला फुकटही नेणार नाही. कोपऱ्यातल्या सातव्या रॅकवर मात्र तळहाताएवढी रुंद, गर्द पानं. त्या रॅकच्या वर काळं कापड पडद्यासारखं गुंडाळून बांधलेलं होतं.

"आत्या, हे काय?"

"सांजच्याला सातला, तू गेल्यावर, प्लग काढते, पडदा सोडते. सकाळी सातला आले का लावते."

"कधीपासून?"

"पेरल्यापासनं."

"अगं, सरांना कळलं तर तुझी नोकरी जाईल. घर कशावर चालवणार आहेस?"

"तुला इचारलं असतं तर करू दिलं असतंस का?" तिचा आवाज चढला नाही. मी घाईघाईनं पडदा काढून कपाटात कोंबला.

दहाला सर आले. सहा रॅक बघून त्यांचा चेहरा उतरला. सातव्यापाशी थांबले. "हा एवढाच चांगला कसा?"

"तुलना करायला मुद्दाम ठेवला होता, सर. याला बारा तासच उजेड दिलाय मी." खोटं किती सहज तोंडातून निघालं. आत्याची नोकरी वाचवतेय, असं मी मनाला समजावलं. खरं तर आधी स्वतःची कातडी वाचवत होते.

सर खूश झाले. "मग सगळीकडे बाराच करा. लेट्यूसलाही, आजपासूनच."

"हो सर." त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

"लेट्यूसला नका, सायेब." आत्या ओल्या हातांनी पुढे आली. मी डोळ्यांनी दटावलं, तिनं बघितलंच नाही. तिनं त्याच रॅकच्या खालच्या कप्प्यातून दोन ट्रे ओढले. त्यातली लेट्यूसची रोपं पातळ, फिकट, मान टाकलेली. "बारा तासात त्याचं पोट भरत नाय. करून बघितलंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं करायला?"

"कुणी नाय. सातव्याचा प्लगबी मीच काढायची."

सर माझ्याकडे वळले. "स्नेहा, हा रॅक कोणाचा?"

"आत्याचा."

सरांनी पालकाचं एक पान तोडलं, उलटसुलट करून बघितलं. आत्या पदराला हात पुसत खाली मान घालून उभी होती. ते म्हणाले, "यापुढे कोणत्या भाजीला किती उजेड द्यायचा, ते या ठरवतील."

आता ती माझ्याकडे बघेल, मी फोनवर खेकसले होते त्याची आठवण करून देईल, असं मला वाटलं. द्यायलाच हवी होती.

"म्या नुसतं बघितलं, सायेब," ती म्हणाली. "असं का होतं, ते स्नेहाला ठावं. तिला इचारा, तिचं शिक्षण हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण उत्तर मला येत होतं. उजेडाचे तास वाढले की पालक फुलावर येतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते.