बाटलीतलं पाणी

आमच्या गारखेड्यातल्या गच्चीवर हवामानाचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांनी पर्जन्यमापक बसवलाय. त्याची नोंद घ्यायला मागच्या गल्लीतली अकरावीची मुलगी रोज सकाळी बरोबर साडेआठला येते. आधी आमच्याकडे अर्धा ग्लास पाणी मागते; पूर्ण भरून दिला, तर अर्धं परत ओतायला लावते. मग वर जाऊन आतली बाटली उजेडाकडे धरते आणि वहीत शून्य काढते. आषाढ सरला तरी शून्यच, पण तेही ठळक, गोल, मन लावून काढलेलं.

मला तिची कीव आली. एका सकाळी ती यायच्या आत मी बाटलीत थोडं पाणी ओतून ठेवलं.

"रात्री चार थेंब पडले वाटतं," मी म्हणालो.

तिनं पाणी तळहातावर घेऊन चाटलं. "काका, हे पावसाचं नाय. तुमच्या बोअरचं हाय."

मी ओशाळलो. "अगं, रोज शून्यच लिहितेस, म्हणून..."

"शून्य बी मोजूनच लिहिते मी."

बाटली पुसून तिनं शून्य काढलं. जिन्यात मात्र थांबली.

"बोअर किती फूट हाय, काका? महिनाभरात पाणी लई खारं झालंय."

मी आणि बायको, आम्ही दोघं रोज तेच पाणी पितो. आमच्या जिभेला कळलंच नव्हतं.