जिन्याखालची पावलं

गौरी-गणपती झाले की गोळी बंद करायची, असं मी ठरवून टाकलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो संपून दीडेक वर्ष झालं होतं आणि आता रोज जेवणानंतर एक छोटी पिवळी गोळी, एवढंच औषध उरलं होतं. रोग परत येऊ नये म्हणून ती पाच वर्षं घ्यायची होती. बाईच्या अंगात जे स्त्रीसंप्रेरक असतं ते ही गोळी जवळजवळ संपवते, म्हणजे रोगाला खायला काही उरत नाही. पण मग हाडांनाही उरत नाही, आणि कदाचित डोक्यालाही. ‘कदाचित’ हा शब्द डॉक्टरांचा. मुंबईच्या ज्या हॉस्पिटलात माझे उपचार झाले तिथे नेमका याचाच अभ्यास चालला होता. गोळी घेणाऱ्या बायकांची हाडं किती विरळ होतात, आठवणीवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं. मला विचारलं, मी हो म्हटलं. आपलं बिघडणारच असेल तर ते निदान कोणाच्या तरी कामी यावं.

दर सहा महिन्यांनी मला बोलवायचे. आधी एका टेबलावर आडवं करायचे, वरून यंत्राचा हात सावकाश फिरायचा आणि हाडांचा फोटो निघायचा. मग एक तरुण डॉक्टरीण समोर बसून शब्द वाचायची. साधेच शब्द, खुर्ची, नदी, पोपट असले. ते लगेच म्हणून दाखवायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा म्हणायचे. पहिल्या खेपेला मला बरेच आले. दुसऱ्या खेपेला अर्ध्या तासाने तिने विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात शब्द नव्हतेच, शब्दांची रिकामी जागा होती. त्याच दिवशी तिने हाडांचा फोटोही समोर ठेवला आणि म्हणाली, “काकू, बाकी काहीही करा, फक्त पडू नका. या हाडाला एक धक्का पुरेल.” बोट मांडीच्या खुब्यावर होतं.

हाडांचं मी मनावर घेतलं नसतं. डोक्याचं घेतलं. घरामागच्या शेडमध्ये आमचे आठ लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आहेत. यजमान जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात कामाला असतात, त्यामुळे लूमकडे वर्षानुवर्षं मीच बघत आले. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता मला कळायचं की चार नंबरच्या मागाचा धोटा अडकतोय. खटखट सगळ्यांची सारखीच असते, पण मला ती माणसांच्या आवाजासारखी वेगळी ओळखू यायची. केमोनंतर गोळी सुरू झाली आणि ते गेलं. कान शाबूत होते, ओळख गेली होती. कारीगराला हाक मारायला तोंड उघडावं आणि नाव येऊ नये. कात्री हातात असावी आणि तिला काय म्हणतात ते सुचू नये. मी ठरवलं, रोग परत आला तर येईल, पण जगायचं तर स्वतःच्या डोक्याने जगायचं. सण पार पडला की गोळ्यांची पाकिटं गटारात.

मी देवभोळी नाही. घरातलं सगळं वेळच्या वेळी करते, कारण ते करायचं असतं. आमच्याकडे तेरड्याची गौर असते. घरच्या बायका विहिरीवर जाऊन तिला घेऊन येतात आणि त्याआधी घरच्या मोठ्या सुनेने दारापासून आतपर्यंत तिची पावलं काढून ठेवायची असतात. तांदळाच्या भिजवलेल्या पिठात मूठ बुडवायची, करंगळीच्या बाजूने जमिनीवर टेकवायची आणि बोटांच्या टोकांनी वर पाच ठिपके द्यायचे. उजव्या मुठीचं उजवं पाऊल उमटतं, डावीचं डावं. ऑपरेशनमध्ये उजव्या काखेतल्या गाठी काढल्यापासून माझा उजवा हात सुजलेला असतो, मूठ धड वळत नाही. त्यामुळे आदल्या वर्षी माझ्या गौरीचं उजवं पाऊल भाकरीएवढं आणि डावं नेहमीचं, असं निघालं होतं. वळ गावाहून आलेल्या पारूआत्या, म्हणजे यजमानांच्या आत्या, दारातच कमरेवर हात ठेवून थांबल्या.

“अगो, ही कसली पावलां? एक पाय सुजलेला न एक सुकलेला. तुझी गौर लंगरत आली का काय?”

“आत्या, माझ्या घरात यायचं तर माझ्यासारखंच यावं लागेल तिला,” मी म्हटलं होतं. सगळ्या हसल्या. रात्री मी एकटीच ती पावलं बघत बसले होते आणि मला हसू आलं नव्हतं.

यंदा शेजारी राहणारी माझी धाकटी जाऊ सुलभा म्हणाली, “वहिनी, मी काढते ना पावलं.” मी म्हटलं, माझे हात आहेत अजून. सकाळपासून माझं डोकं तापलेलंच होतं, कारण दिव्याच्या तिळाच्या तेलाची किटली सापडत नव्हती. मी सुलभाला दोनदा विचारलं, तर ती म्हणाली, “तुमची किटली काय मी पदरात घेऊन फिरते का?” शेवटी तिच्या घरून वाटीभर तेल आणलं. दुपारी ती, आत्या आणि गल्लीतल्या दोघी-तिघी विहिरीकडे गेल्या. घरात मी एकटी. पुढचं दार सताड उघडं ठेवलं होतं, गौर यायची होती.

मी दारापासून पावलं काढत आले, पडवीतून मधल्या खोलीत, गौरीच्या चौरंगाशी, तिथून स्वयंपाकघरात. पुन्हा तशीच, एक मोठं, एक लहान. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. बाजूच्या बोळातून वर जायचा जिना आहे, पण तिकडे आम्ही पावलं नेत नाही. वरची खोली मागाहून बांधलेली आहे. पिठाची वाटी ओट्यावर ठेवली, हात धुतले, उजवा हात जड झाला होता म्हणून थोडी टेकले. गौरीची साडी वरच्या ट्रंकेत होती, ती आणायला उठणार तेवढ्यात लाइट गेली.

भिवंडीत लाइट जाते म्हणजे नुसते दिवे विझतात असं नाही. गल्लीतल्या सगळ्या शेडमधले लूम एका क्षणात बंद पडतात. मागून कारीगर ओरडला, “बत्ती गई, भाभी!” आणि त्यानंतर काहीच नाही. ज्या आवाजात आम्ही जन्मभर बोलतो, झोपतो, तो नसला की कान दुखल्यासारखे होतात. त्या शांततेत मला बोळातून आवाज आला. थप. थोड्या वेळाने पुन्हा, थप. ओली मूठ लादीवर टेकवल्याचा. गेल्या कित्येक महिन्यांत मला कुठलाही आवाज असा चटकन ओळखू आला नव्हता.

“सुलभा? आलीस का गं?” मी विचारलं. आवाज थांबला.

मी उठून बोळात गेले. जिन्याच्या पायथ्यापासून स्वयंपाकघराच्या दिशेने पावलं उमटलेली होती. बोटं माझ्याकडे. कोणीतरी त्या जिन्यावरून उतरून माझ्याकडे चालत येत होतं आणि उंबऱ्याच्या हातभर अलीकडे थांबलं होतं. माझी पावलं एव्हाना वाळून पांढरी पडली होती. ही ओली होती, कडेला पाणी चमकत होतं. आणि दोन्ही सारखी होती. उजवं आणि डावं, नेमकं एका मापाचं, लहान. अंगावर काटा आला, हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे. पहिला विचार आला तो देवाचा नव्हता. वाटलं, मीच काढली आणि विसरले. डोकं इथवर गेलं.

भिंतीला धरून मी जपून खाली बसले आणि त्यातल्या एका पावलाशेजारी माझी सुजलेली मूठ धरली. बराच वेळ धरली. मग ओल्या पिठाच्या वासात दुसरा वास मिसळलेला जाणवला, तिळाच्या तेलाचा. मान वर केली. तिसऱ्या पायरीवर किटली आडवी पडली होती आणि तिथून खालच्या दोन पायऱ्यांवर तेल उतरलं होतं. काळ्या लादीवर, त्या अंधुक उजेडात, उभ्याने मला ते कधीच दिसलं नसतं. सकाळी वरच्या डब्यातून तेल भरून उतरताना फोन वाजला असेल, मी किटली तिथेच टेकवली असेल. मला ते आजही आठवत नाही. साडी घेऊन घाईने उतरताना, किंवा चढतानाच, मी त्या जिन्यावरून घसरून खाली आले असते, आणि ‘एक धक्का पुरेल’ म्हणजे काय ते मला त्याच दिवशी कळलं असतं.

बायका गौर घेऊन आल्या तेव्हा मी तशीच भिंतीला टेकून बसलेली होते. सुलभा घाबरली, “वहिनी, पडलात की काय?” मी नुसता जिना दाखवला. तिने तेल पुसलं, किटली उचलली आणि नेहमीसारखं म्हणाली, “सापडली का तुमची लाडकी?” मग तिचं लक्ष पावलांकडे गेलं आणि तिने आत्यांना हाक मारली. आत्या खाली वाकून बघत राहिल्या. “ही तू न्हाय काढली,” त्या म्हणाल्या. मी मान हलवली. “मंग इचारू नको. पुसूबी नको.” गौर त्यांनी आधी जिन्यापाशी नेली आणि तिथून त्याच पावलांवरून आत आणली. ओट्यावरची पिठाची वाटी मी ठेवली होती तिथेच होती.

विसर्जनानंतर लादी पुसली तेव्हा तीही पावलं बाकीच्यांसारखीच पुसली गेली. मी थोडं थांबले होते, काही वेगळं होतंय का म्हणून. झालं नाही.

पुढच्या खेपेला मी हे त्या तरुण डॉक्टरिणीला सांगितलं, कारण विसरल्याचे प्रसंग सांगायचे असतात. ती समजुतीने म्हणाली, “काकू, तुम्हीच काढली असतील. असं होतं. माणूस करतो आणि करण्याची आठवणच राहत नाही.” मी दोन्ही मुठी तिच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. म्हटलं, “दोन्ही सारखी होती.” ती मुठींकडे बघत राहिली. मग चष्मा सारखा करून म्हणाली, “बरं. आपण शब्द घेऊ या.” मी वाद घातला नाही. दार उघडं होतं, गल्लीतली एखादी मुलगी आली असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. नंतर एकेकीला विचारलं, कोणीच आलेलं नव्हतं. त्यापुढे मी शोध घेतला नाही. त्या दिवशी शब्द मात्र मला मागच्यापेक्षाही कमी आले. आश्चर्य म्हणजे घरी येताना मी रडले नाही.

गोळी मी सोडली नाही. पाच वर्षं पुरी केली. हाडं आणखी विरळ झाली, त्यांच्यासाठी वेगळं औषध सुरू झालं, अजून एकही मोडलेलं नाही. लूमचे आवाज काही परत आले, काही नाही आले. चार नंबर ओळखू येतो. जिथे मी अडते तिथे कारीगराला सरळ विचारते, आणि तो सांगतो. आयुष्यभर माझी समजूत होती की हे घर माझ्या लक्षात आहे म्हणून उभं आहे. माझ्या लक्षात नसलेलंही कोणीतरी लक्षात ठेवतं, हे मला त्या बोळात, लादीवर बसल्या बसल्या कळलं. कोण, ते मी विचारत नाही. हात जोडते.

पावलं दर वर्षी मीच काढते, दोन्ही मुठींनी. आत्या अजून हसतात, “आली बाय तुझी लंगरी,” म्हणतात, आणि मलाही आता हसू येतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी माझी पावलं थांबतात. मग मी पिठाची वाटी ओट्यावर न ठेवता उंबऱ्याच्या पलीकडे, बोळात ठेवते, दार उघडं ठेवते आणि पाठ करून बसते. जिन्यापर्यंतची लादी स्वच्छ पुसलेली असते. तेवढी जागा माझी नाही.