सामानापाशी

“तुम्ही या बघून. मी थांबतो सामानापाशी.”

हे वाक्य ते बसल्यावर म्हणत. म्हणजे त्यावर चर्चेला वाव नसे. आपण ‘अहो चला की’ म्हणेपर्यंत त्यांनी चार पिशव्या पायांत घेतलेल्या असत, पाचवी मांडीवर असे आणि सहावीचा बंद मनगटाला गुंडाळलेला असे. असा एखादा गृहस्थ तुमच्याही ओळखीत असेल. सहलीच्या फोटोत तो कधीच सापडत नाही, पण फोटोतल्या सगळ्यांचे डबे त्याच्यापाशी असतात.

पाटबंधारे खात्यात आम्ही बरोबर नोकरी केली आणि पुढे घरंही एकाच गल्लीत बांधली. ते माझ्याहून दोन पायऱ्या वर, म्हणून मी त्यांना साहेब म्हणायचो. हापिसाची सहल दरसाल दौलताबादला जाई, कारण तिथून पाचच्या आत परत येता येतं. दरसाल आम्ही किल्ल्यावर चढायचो आणि साहेब दरवाज्यापाशी पिशव्या घेऊन बसायचे. तिथला शेंगा विकणारा म्हातारा त्यांना ओळखू लागला होता. “क्या साब, इस बारी भी नीचेच?” असं विचारून तो त्यांच्याकडेच आपली टोपली ठेवून चहाला जात असे.

आम्ही खाली आलो की साहेबांची उलटतपासणी सुरू होई. अंधारीत, त्या भुयारी वाटेत, किती अंधार होता? वरच्या तोफेवर हात ठेवला का, गार होती का? वाऱ्याने कुणाची टोपी उडाली का? एवढं सगळं पोटात भरून घेऊन ते सोमवारी हापिसात नव्या कारकुनाला दौलताबादचा किल्ला असा सांगत, की आम्ही वर जाऊन आलेले लोक तोंड उघडं टाकून ऐकत बसायचो. देवळातही तेच. घृष्णेश्वराचं दर्शन त्यांनी चपलांच्या ढिगाशेजारी बसून घेतलेलं. एक मात्र कबूल केलं पाहिजे. साहेब बरोबर असताना आमच्यातल्या कुणाची चप्पल कधी गेली नाही.

आता अशा माणसाला आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजावर कुणी चढवलं? तर त्यांच्या बायकोने.

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. दरवर्षी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढायचा आणि डाव्या बाजूच्या निळ्या खडूत चार-सहा ठिपके द्यायचे: ही बेटं. जन्मभर ठिपके देऊन त्यांचा हात थकला असावा. निवृत्तीनंतर त्यांनी एका दुपारी जाहीर केलं, की आपण मुंबईहून बोटीत बसणार आहोत. झांजिबार, केपटाऊन, मग ते ठिपके एकेक करत इंग्लंड, आणि तिथून विमानाने घरी. पैसे त्यांचे, हट्ट त्यांचा. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, “अन् घर?”

घर म्हणजे त्यांच्या लेखी एक मोठी पिशवीच. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्याने येतं आणि त्या दिवशी घरात माणूस लागतं. शेवटी मी टाकी भरायची जबाबदारी घेतली तेव्हा कुठे साहेबांनी पासपोर्टच्या फोटोसाठी दाढी केली.

निघायच्या दिवशी देवगाव रंगारीहून त्यांचे थोरले भाऊ जीप भरून माणसं घेऊन आले. गावाच्या हिशेबात इतक्या लांब जातो तो यात्रेलाच जातो. दारात हलगी वाजली, नारळ फुटला, म्हाताऱ्या बायांनी रांगेनं साहेबांच्या पाया पडून घेतलं. “आमचाबी नमस्कार पोचवा,” एक म्हातारी म्हणाली. कुणाला पोचवायचा हे तिलाही माहीत नव्हतं आणि साहेबांनाही. साहेबांनी गंभीरपणे “बरं बरं” केलं आणि जीपच्या टपावरची निळी सुटकेस पुन्हा एकदा दोरीने आवळली.

त्या सुटकेसमध्ये काय होतं म्हणाल तर ज्वारीचं पीठ, ठेचा, धपाटे, दोन स्वेटर आणि एक दाराचं कुलूप. सुटकेसची किल्ली मात्र साहेबांनी करदोट्याला बांधली होती. तिने पुढे दोन्ही टोकांना तमाशा केला. मुंबईला जहाजावर चढताना आणि इंग्लंडला विमानात बसताना तपासणीची कमान लागते. साहेब तिच्यातून गेले की ती बोंबलायची. मग साहेब सगळ्या गोऱ्या लोकांसमोर सदरा वर करून कमरेची किल्ली काढून दाखवायचे. “सोडून खिशात ठेवा हो,” वहिनी म्हणत. “खिसा कापतात,” साहेब म्हणत.

जहाजावर त्यांनी काय केलं ते मी वहिनींकडून ऐकलं आहे. पहिल्या सकाळी डेकवर जाऊन दोन आरामखुर्च्यांवर त्यांनी रुमाल टाकले. लासूर स्टेशनला एस्टीच्या खिडकीतून टाकतो तसे. डेकवर खुर्च्या शेकड्याने रिकाम्या होत्या. तरी साहेब जेवायला एकटे जात नसत. आधी वहिनींनी जेवून यायचं, रुमालांपाशी बसायचं, मग हे जाणार. एका गोऱ्या बाईने बिचारीने रुमाल पडला समजून उचलून दिला, तर तिच्याकडे त्यांनी असं पाहिलं की ती पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही.

झांजिबार आलं. साहेब म्हणाले, “तू ये बघून. मी थांबतो सामानापाशी.”

वहिनींना वाटलं, पहिलंच बंदर आहे, बिचकले असतील. त्या एकट्या उतरल्या, लवंगांचा वास घेऊन परत आल्या. केपटाऊनला डोंगरावर ढग होता, म्हणून साहेब नाही उतरले. पुढच्या बंदरात ऊन होतं, म्हणून नाही उतरले. वहिनी परत येत तेव्हा ते कठड्याशी उभेच असत. लगेच सुरू: रस्ते कसे होते? बायका काय नेसतात? पाणी कुठून आणतात? वहिनी पाय चेपत सांगत बसत आणि साहेब डोळे मिटून आफ्रिका बघत.

मग सेंट हेलिना आलं. चहूकडे समुद्र आणि मधे उगाच एक खडक. कुण्या बादशहाला मरेपर्यंत कैदेत ठेवलं होतं ते हेच बेट. वहिनींनी इतकी वर्षं हा ठिपका द्यायचा आणि वर्गाला सांगायचं, इथे कुणी जात नाही. आदल्या दिवशी त्या साहेबांना म्हणाल्या, “मी तुम्हाला काही मागत नाही. ह्या एका ठिकाणी माझ्याबरोबर उतरा.”

साहेब बरं म्हणाले. खरंच म्हणाले. सकाळी बूट घातले, टोपी घातली. जहाज दूर उभं राहतं आणि लहान होडीतून किनाऱ्याला जायचं असतं. वहिनी होडीत बसल्या, शेजारची जागा हाताने धरून ठेवली. साहेबांनी एक पाय होडीत टाकला आणि तसेच थांबले.

“अगं, खोलीचं दार मी ओढलं का?”

“ओढलं.”

“नक्की?”

होडीवाला वाट बघत होता. मागची रांग वाट बघत होती. साहेबांनी पाय मागे घेतला. “तू हो पुढे. मी पुढच्या होडीने आलोच.”

पुढच्या होडीने ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वहिनी धक्क्यावर वाट बघून बघून शेवटी एकट्याच धक्क्यामागच्या डोंगरावर जाणाऱ्या लांबलचक पायऱ्या चढल्या. “वरून बोट काडेपेटीएवढी दिसत होती, भाऊजी,” त्या मला म्हणाल्या. “म्हटलं, त्या काडेपेटीत माझा नवरा आहे. सुटकेस राखतोय.” हे सांगताना त्या हसत होत्या. मीही हसलो, पण मला ते हसणं नीट जमलं नाही.

परत आल्यावर साहेबांनी गल्लीला जे काही ऐकवलं, त्याला तोड नाही. टँकरपाशी हंडे घेऊन उभं राहिलं की हे सुरू: “झांजिबारला बायका असा पदर घेतात. सेंट हेलिनाच्या पायऱ्या चढताना मागे वळून पाहायचं नाही, डोळे फिरतात.” ज्याचे पाय जहाजाच्या कठड्यापलीकडे गेले नाहीत तो आम्हाला डोळे फिरण्याबद्दल सावध करत होता. वहिनी हंडा उचलून निघून जात.

तेवढ्यात देवगावहून निरोप आला, की मावंदं घाला. काशी करून आलेल्याने गंगेच्या गडूची पूजा करून गावाला जेवण घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. थोरल्या भावाचं म्हणणं, आगबोटीची झाली म्हणून काय झालं, यात्रा ती यात्रा. पंगतीला मीही होतो. पाटावर सेंट हेलिनाच्या किनाऱ्यावरून वहिनींनी भरून आणलेली समुद्राच्या पाण्याची बाटली, तिला हळदकुंकू. भावाने सगळ्यांच्या तळहातावर तीर्थ दिलं. पहिल्याच म्हाताऱ्याने तोंड वेडंवाकडं केलं. “मायला, ही गंगा खारट हाय की!”

जेवणं झाल्यावर साहेब रंगात आले. पायऱ्यांपर्यंत पोचले तेव्हा त्याच म्हाताऱ्याने विचारलं, “पायऱ्या चढून गेल्यावर वर कोन्चा देव हाय?”

साहेब अडकले. हा प्रश्न त्यांनी वहिनींना विचारायचा राहून गेला होता. त्यांनी सवयीने बायकोकडे पाहिलं.

“मला विचारा,” वहिनी म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. “वर देव नाही. वर गवत आहे आणि वारा आहे. ह्यांना ठाऊक नाही, कारण हे उतरलेच नाहीत. वाटेतल्या एकाही गावात ह्यांनी पाय ठेवला नाही. सगळी यात्रा सामानापाशी बसून केली.”

मला वाटलं, आता साहेब जमिनीत जातील. ते म्हणाले, “मग? सामानातली एक तरी वस्तू गेली का?”

त्यांना खरोखर ह्याचंच समाधान होतं.

कुणीतरी हसलं. थोरला भाऊ मात्र हसला नाही. “हसू नगा,” तो म्हणाला. “रझाकाराच्या दिवसांत आमच्या बापानं गाव सोडलं. घाट उतरून चाळीसगावकडं निघाले. व्हतं नव्हतं ते गाडीत. वाटंत बाप आडावर पाणी प्यायला गेला, लई लांब नाय, हितून त्या लिंबापस्तोर. गाडीपाशी कुनी नव्हतं. माघारी आला तं सामान नाय. पोलीस ॲक्शन झाल्यावर घरी आले ते आंगावरच्या कापडानिशी. म्होरं ह्यो धाकला झाला. बाप त्येला दर बाजाराला लासूरला न्यायचा, गाठोड्यापाशी बसवायचा अन् म्हनायचा, हलू नको.” त्याने भावाकडे पाहिलं. “नाय हलला.”

वहिनींनी हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही ऐकलं नव्हतं. साहेबांनीच कधी सांगितलं नव्हतं. त्या उठून उष्टी काढायला लागल्या.

त्यानंतर त्यांनी बेटांचा विषय काढला नाही. एवढंच म्हणाल्या, “दौलताबाद तरी माझ्याबरोबर चढा. जवळ आहे.” मी पुढाकार घेतला. म्हटलं, साहेब, ह्या वेळी सामानापाशी मी बसतो. पुढच्या रविवारी खरोखरच मी दरवाज्यापाशी पिशव्या मांडून बसलो आणि नवराबायको वर गेले. शेंगावाल्याचा विश्वास बसेना. त्याने टोपलीही माझ्याकडे सोपवली नाही.

मी खूश होतो. थोड्याच वेळात बघतो तर साहेब घाम पुसत एकटेच खाली येताहेत.

“काय झालं?”

“काही नाही. अंधारीपर्यंत गेलो होतो. म्हटलं, तुम्ही एकटेच आहात. तुम्हाला सवय नाही. बघून यावं.” आणि ते पिशव्या मोजू लागले. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी वाटभर बोललो नाही. वहिनी वरून उतरल्या, त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि डबा उघडला.

त्याच वर्षी साहेब गेले. दुपारचं जेवण करून खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. अंघोळ घालताना थोरल्या भावाने रीतीप्रमाणे करदोटा तोडला, तेव्हा ती किल्ली माझ्या पायाशी पडली. मी ती वहिनींना नेऊन दिली. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या.

स्मशानात सगळ्यांनी चपला एका बाजूला काढल्या आणि शेवटचा नमस्कार करायला गेलो. परत येऊन बघतो, तर माझी चप्पल नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी इकडे तिकडे शोधलं, भलत्या माणसांना विचारलं, मग मला एकदम रडू फुटलं. लोकांना वाटलं, साहेबांसाठी रडतोय. तसंच होतं ते.

गेलेल्याच्या घरी लावलेला दिवा बघून मग पांगायचं, ही रीत; मी अनवाणीच त्यांच्या घरी गेलो. वहिनी आतल्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. शेजारी निळी सुटकेस, किल्ली मुठीत. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

“चप्पल गेली?”

मी मान हलवली.

“जाणारच. आज राखायला कुणी नव्हतं.” मग मूठ उघडून किल्लीकडे बघत म्हणाल्या, “एवढ्या गावांना म्हटलं, माझ्याबरोबर उतरा. नाही उतरले. अन् आज उतरले, ते मला न घेता.”

बाहेर लोक पांगत होते.

“तुम्ही या आता, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सुटकेस जवळ ओढून घेतली. “मी थांबते सामानापाशी.”