पंखेवाल्याचा कान

वणीत धुळीचं कुणाला काही वाटत नाही. दोरीवरचा पांढरा सदरा वाळेपर्यंत करडा होतो आणि माणसं तोच घालून लग्नाला जातात. त्या गावात धम्मरत्ननं एकतीस वर्षं कोळसा खाणीच्या पंख्यावर नोकरी केली. माणसं खाली, त्यांना हवा पुरवणारा पंखा वर, आणि पंख्यापाशी हा. दुसरे डोळ्यांत तेल घालून राखण करतात, हा कान देऊन करायचा. आवाज जरा पडला की हा खुर्चीतून उठलाच. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भर सभेत त्याच्या कानाचं कौतुक केलं, आणि ते जरा त्याच्या डोक्यातच गेलं.

या एकतीस वर्षांत त्याची बायको मथुराबाई बहुतेक वेळा एकटीच जेवली. "म्या नुसता डब्बा भरला. माणूस कुठं पाह्यला?" असं ती हसत म्हणायची, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यानं सुटे भाग मागवून, व्हिडिओ बघून मागच्या खोलीत सीएनसी राउटर जुळवला. संगणकात नक्षी टाकली की मशीनचं फिरतं टोक सागवानावर आपोआप धम्मचक्र कोरायचं. बाजूला सतरंजीवर बसून मथुराबाई कडा पॉलिशपेपरनं घासायची. दोघं फारसं बोलत नसत, पण दुपार सोबत जायची. तिला आणखी काही नको होतं.

मात्र तिला दमा होता. दिवाळीत ती पहिल्यांदा जोरात खोकली तेव्हा धम्मरत्न घाबरला. त्यानं मशीन बंद केली आणि करमेना म्हणून आठ दिवस सकाळ-संध्याकाळ चौकात जाऊन बसला. मथुराबाई पुन्हा एकटी जेवली.

नवव्या दिवशी त्यानं उपाय काढला. फिरत्या टोकाभोवती ब्रशची झालर लावली, तिथून पाइप रंगाच्या रिकाम्या बादलीत सोडला आणि बादलीला व्हॅक्यूम क्लीनर जोडला. जाड भुसा बादलीत पडणार, बारीक धूळ पुढं फिल्टरमध्ये जाणार.

"बस आता. सारा भुसा पाइप ओढते," तो म्हणाला. "आवाज आयक, कसा दणका हाय!"

ती बसली. पुढच्या दोन महिन्यांत तो आवाज चढतच गेला, आणि धम्मरत्नला वाटलं मोटर आता मोकळी झाली, जोरात ओढायला लागली. कुणी घरी आलं की तो बोट वर करून आवाज ऐकवायचा.

माघात मथुराबाईचा दमा बळावला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूळ असते का?"

"नाही साहेब," धम्मरत्न छाती काढून म्हणाला. "म्या सोता बंदोबस्त केला."

पाचव्या दिवशी ती गेली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. मुलगी मैत्रेयी तेवढी राहिली. ती दारव्ह्याला शिक्षिका होती, बापाला एकटं टाकून जाणं तिच्या जिवावर आलं होतं. एका दुपारी हाताला काही चाळा हवा म्हणून धम्मरत्ननं पाइप उघडला. वाकणात सागवानाची एक चिलपी, पातळ ढलपी, आडवी अडकली होती, आणि तिच्यामागं बारीक भुसा इतका घट्ट बसला होता की तार घालून उकरावा लागला. मग त्यानं व्हॅक्यूम चालू केला.

आवाज खाली आला. जड, घोगरा झाला. मोटर गेली वाटून त्यानं पाइपाच्या तोंडाशी हात नेला, तर तळवा चिकटूनच बसला.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. इतके दिवस पाइपात हवाच नव्हती. काही ओढायलाच नसल्यानं मोटर रिकामीच भन्नाट फिरत होती, आणि तो तिच्या ओरडण्यावर खूश होत होता. सगळी धूळ खोलीत होती.

"मैत्रेयी," त्यानं हाक मारली. ती आली. त्यानं तिला चिलपी दाखवली आणि रडत रडतच काय झालं ते सांगितलं.

मैत्रेयीनं आधी व्हॅक्यूम बंद केला. मग म्हणाली, "बाबा, आईले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"वंदनेची उदबत्ती ती इथंच लावे न. मशीन चालू असली तरी धूर पाइपाकडं जाऊन नाही राह्यला, सरळ वर चालला, असं मले फोनवर म्हणे. म्या म्हटलं, बाबाले सांग. तं म्हणे, सांगितलं तं तुहे बाबा मशीन बंद करतीन अन् चौकात जाऊन बसतीन. आता कुठं घरी बसून राह्यले."

धम्मरत्ननं चिलपीकडं बघितलं. बोटभर लांबीची होती.

"धा मिंटाचं काम होतं, बेटा," तो म्हणाला. "निस्तं धा मिंटाचं."